सहा बाय नऊचा कोलम

कोमळवल्लीने चौतीस वर्षं कॉलेजात मुलींना एकच गोष्ट बजावली: उत्तर चुकलं तरी चालेल, पण पायऱ्या लिहा, म्हणजे कुठे घसरलात ते सापडतं. स्वतः ती कुठल्या पायरीवर घसरली होती ते तिला नेमकं ठाऊक होतं. ती पायरी तिने आजवर कुणाला दाखवली नव्हती. जिला दाखवायला हवी होती ती तिची सख्खी अक्का मन्नारगुडीत, तळ्याजवळच्या गल्लीत, तिच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती.

चेन्नईहून निघालेली गाडी सकाळी पोचली तेव्हा मार्गळी महिन्याची थंडी पडली होती. म्हणजे आमच्याकडे पडते तेवढी, कान बांधायला निमित्त पुरेल इतकी. येण्याचं कारण मोठं होतं. दोघी बहिणी ज्या मुलींच्या शाळेत शिकल्या, तिथे आज गणित दिन होता. शाळेने कंपाउंडची अख्खी भिंत रंगवून घेतली होती. भिंतीवर काढला होता सहा बाय नऊ ठिपक्यांचा कोलम, म्हणजे आमच्याकडची ठिपक्यांची रांगोळी, तीन रंगांच्या तीन रेघांचा, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘कोमळवल्लींचा नियम’. दुपारी चार वाजता तिच्याच हस्ते त्यावरचा पडदा सरकायचा होता.

नियम सांगायला सोपा आहे. ठिपक्यांच्या सहा ओळी मांडायच्या, प्रत्येक ओळीत नऊ ठिपके. मग रेघ ठिपक्यांना वळसे घालत तिरकी निघते, कडेला पोचली की वळते आणि फिरत फिरत जिथून निघाली तिथे परत येते. कधी एकाच रेघेत सगळे ठिपके गुंफून होतात, कधी दोन रेघा लागतात, कधी तीन. किती लागतील? दोन्ही बाजूंच्या ठिपक्यांचा मसावि काढा, तितक्या. सहा आणि नऊचा मसावि तीन, म्हणून तीन रेघा. पाच आणि सातचा एक, म्हणून एकच. प्रत्येक रेघेला वेगळा रंग दिला की चौथीतल्या पोरीलाही मसावि डोळ्यांनी दिसतो. कोमळवल्लीने यावर पुस्तक लिहिलं, ते शाळाशाळांतून गेलं, तिला शाली मिळाल्या, नारळ मिळाले. प्रस्तावनेत तिने लिहिलं होतं, ‘हे ज्ञान आपल्या हजारो अनाम स्त्रियांचं आहे.’ वाचणाऱ्यांना केवढा विनय वाटला! एक नाव लिहायचं टाळण्यासाठी बाईंनी हजारो बायका पुढे उभ्या केल्या होत्या.

रिक्षा थांबली तेव्हा सारंगपाणी मामा ओट्यावर पेपर वाचत होते. हे तिच्या आईचे धाकटे भाऊ आणि अक्काचे यजमान. आमच्याकडे भाची मामालाच द्यायची रीत, तेव्हा मामा आणि मेव्हणा अशी दोन्ही नाती त्यांनी एकाच लुंगीत सांभाळली होती.

“या, नियमवाल्या बाई!” मामा ओरडले. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून ते साऱ्या गल्लीला ऐकवत. “अगं, ती भिंत पाहिली मी. आमच्या भांड्यांच्या दुकानाची पाटीसुद्धा एवढी मोठी नाही! पेंटरने किती घेतले?”

“मला काय माहीत, मामा? शाळेला विचारा.”

“विचारलं. सांगत नाहीत. म्हणजे बुडवलंच असणार त्याने.”

दारात अक्काचा पांढराशुभ्र कोलम होता. तांदळाच्या पिठाचा, केसाइतक्या बारीक रेघेचा, कुठे जाड नाही की तुटक नाही. तो ओलांडताना कोमळवल्लीने साडी वर धरली. शेंगमलम अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. चौसष्ट वर्षांची, कृश, डोक्यात अबोलीचा एवढासा गजरा. “किती वाळलीस गं कोमू! चेन्नईत जेवायला घालत नाहीत का प्रोफेसरांना?” म्हणत तिने बॅग ओढून घेतली आणि पाचव्या मिनिटाला हातात कॉफी दिली.

तिने आज सांगायचं ठरवलं होतं. मनात ठरवून तिने गेल्या वीस वर्षांत इथे आठ-दहा खेपा केल्या असतील. प्रत्येक वेळी अक्काने अडई, म्हणजे डाळींचा जाड डोसा वाढला, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि बाईंचं धैर्य त्या लोण्याबरोबर विरघळलं.

काय सांगायचं होतं, ते आता ऐका.

अक्का सोळा वर्षांची आणि कोमू तेरा वर्षांची असतानाची मार्गळी. या महिन्यात पहाटे साऱ्या गल्लीतल्या बाया-पोरी दारात वाकलेल्या असतात आणि कुणाचा कोलम मोठा यावरून आतल्या आत चढाओढ चालते. कोलमची एक सक्त शिस्त असते: रेघ सुरू केली की ती मिटेपर्यंत हात उचलायचा नाही. अर्धवट रेघ दारात टाकणं अशुभ. अक्काला त्या वर्षी रंगांचं वेड लागलं. बाकीच्या पोरी पांढरी रेघ काढून मधल्या जागा रंगाने भरायच्या. हिने रेघच रंगीत काढली. वाटीत हळद, दुसऱ्या वाटीत काव, तिसऱ्या वाटीत कपड्यांची नीळ पिठात कालवलेली. एका रंगाची चिमूट घेऊन निघाली की रेघ मिटेपर्यंत हात उचलता येत नाही, आणि मिटली की मग दुसरा रंग. म्हणून प्रत्येक रेघ आपोआप वेगळी दिसू लागली. शेजारच्या बाया हसल्या. “काय गं, बांगडीवाल्याचं दुकान मांडलंस?” अक्काने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ती मोजत होती. तीस दिवस तिने रोज वेगळी मापं घेतली आणि दर वेळी किती रंग लागले ते लक्षात ठेवलं. एके दिवशी तिने कोमूला परसात ओढत नेलं.

“हे बघ. चार बाय सहाला दोन रंग लागले. सहा बाय नऊला तीन. पाच बाय सातला एकच, कसाही काढ. आता मला न काढता सांगता येतं. दोन्ही बाजूंचे ठिपके ज्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या ढिगांत सारखे पडतात ना, तेवढे रंग.” अक्काचे डोळे चमकत होते. “तू हुशार आहेस. हे तुमच्या गणितात असतं का गं कुठे?”

असतं. कोमूला क्षणात कळलं की हा मसावि आहे. आणि हेही कळलं की शाळेत कुणीच, टीचरनेसुद्धा, तो असा कधी पाहिलेला नाही. आता या तेरा वर्षांच्या पोरीचं म्हणणं समजून घ्या, माफ नका करू हवं तर. अक्का दिसायला देखणी, गळा गोड, हात असा की सारी गल्ली बघायला थांबे. कोमूकडे काय होतं? गणितातला पहिला नंबर, दुसरं काही नाही. आणि आता तेही अक्काच्या बोटांतून पिठासारखं सहज गळत होतं.

“हे गणित नव्हे,” ती म्हणाली. “ही नुसती रांगोळी आहे.”

अक्काचा चेहरा पडला, पण तिने वाद घातला नाही. एवढ्यावरच थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण जूनमध्ये निकाल लागला आणि अक्का शालान्त परीक्षेत गणितात सहा मार्कांनी गेली. बाकी सगळ्या विषयांत चांगली पास. सप्टेंबरमध्ये पुन्हा बसता येत होतं. आईला मात्र घाई झाली होती. भाऊ सारंगपाणीने नुकतंच भांड्यांचं दुकान टाकलं होतं आणि तिला श्रावणाच्या आतबाहेर बार उडवायचा होता. अप्पा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. त्यांना औषधांची मापं पाठ, पण गणितातलं ओ की ठो कळत नसे. त्यांनी कोमूला झोपाळ्यावर शेजारी बसवलं.

“खरं सांग हं बाळा. घरात गणित कळणारी तू एकटी. शेंगमलम सप्टेंबरला बसली तर निघेल का? निघणार असेल तर मी तुझ्या आईला वर्षभर थोपवतो. मग तिला ट्रेनिंग स्कूलला घालीन, मास्तरीण होईल. नाहीतर उगाच पुन्हा नापास झाली तर लोक दोन्हीकडून हसतील.”

आत अक्का इडलीचं वाटत होती. रगड्याचा घरघर आवाज एकसारखा येत होता.

“नाही निघणार, अप्पा,” कोमू म्हणाली. “तिला गणित कळतच नाही. ती नुसती चित्रं काढते.”

अप्पांनी मान हलवली. फॉर्म भरला गेला नाही. ऑगस्टअखेर लग्न लागलं.

मामा माणूस वाईट निघाला असता तर कदाचित कोमळवल्लीला सोपं गेलं असतं. रडून, भांडून, बहिणीची बाजू घेऊन मोकळी झाली असती. पण मामा चांगले. अक्काने तक्रारीचा एक शब्द काढला नाही. दुकान वाढलं, मुलगा-मुलगी झाली. कोमूला अक्कानेच हट्टाने कॉलेजला पाठवायला लावलं, पहिल्या वर्षी वसतिगृहाच्या खर्चासाठी स्वतःच्या पाटल्या मोडायला निघाली होती. आणि कोमूने एम.एस्सी.च्या वर्गात एके दिवशी फळ्याकडे बघता बघता त्या नियमाची सिद्धता मांडली. पहिल्यांदा ती वर्गात दाखवली तेव्हा प्राध्यापकांनी विचारलं, “हे सुचलं कुठून?” ती म्हणाली, “असंच. घरी कोलम बघून.”

दहा वाजता शाळेच्या पूंगोडी टीचर आल्या. तिशीची, उत्साहाने फसफसणारी बाई. काखेत कोमळवल्लीचं पुस्तक.

“मॅडम, अम्मांना एक विनंती होती. भिंतीवर तर आहेच, पण समारंभात अंगणातही खराखुरा कोलम पडावा, मुलींसमोर. मन्नारगुडीत अम्मांसारखा हात कुणाचा नाही, सगळे सांगतात. प्रोफेसर बहिणीचा नियम आणि मोठ्या बहिणीचा हात! पेपरवाले फोटो घेणार आहेत.” तिने पुस्तक उघडून अक्कापुढे धरलं. “हे बघा, असा. सहा बाय नऊ.”

अक्काने चष्मा लावला. कोमळवल्लीने हे पुस्तक तिला कधी दिलं नव्हतं. सगळ्या नातेवाइकांना दिलं, हिला नाही. इंग्रजीत आहे असं सांगितलं होतं, आणि तमिळ आवृत्ती आली ते सांगितलंच नव्हतं. अक्काने एक पान उलटलं, मग दुसरं. वाचत होती. बोट ओळींखालून सरकत होतं. मग तिने चित्रावर बोट ठेवलं.

“छान छापलंय,” ती म्हणाली. “पण तिसरी रेघ हिरवी का? तिसरी निळी होती.”

पूंगोडी हसली. “निळी चालेल की, अम्मा! तुम्हाला आवडेल तो रंग घ्या.”

“निळीच घेईन,” अक्का म्हणाली आणि पुस्तक मिटून परत दिलं.

टीचर रंगाच्या तीन पुड्या ठेवून गेल्या. घरात कुकरची शिट्टी तेवढी झाली. अक्का उठली, परसातली फरशी धुऊन काढली, पुसली, आणि हळद, काव नि नीळ पिठात कालवून दुपारची तालीम म्हणून ठिपके घालायला बसली. चौपन्न ठिपके, दोरी न लावता. मग पिवळी रेघ. रेघ मिटली. लाल. मिटली. तिच्या गुडघ्यांत कळ येत होती हे दिसत होतं, पण हात उचलला नाही. निळी रेघ मिटायला आली तेव्हा कोमळवल्लीला राहवलं नाही.

“अक्का, तो नियम तुझा आहे.”

“गप्प जरा. रेघ चुकेल.”

रेघ मिटली. अक्काने बोटं झटकली.

“आणि अप्पांनी मला विचारलं होतं,” कोमळवल्ली घाईघाईने बोलू लागली, थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही अशा भीतीने. “सप्टेंबरला तू निघशील का म्हणून. मी नाही म्हणाले. तुला गणित कळत नाही म्हणाले. ते खोटं होतं. मला तेव्हाच माहीत होतं की खोटं आहे. मला तुझा हेवा वाटला गं. माझ्याकडचं एकुलतं एक तू नेशील असं वाटलं.”

“मी ऐकलं होतं,” अक्का म्हणाली.

“काय?”

“तू अप्पांना सांगत होतीस ते. रगडा फिरवत राहिले, तुम्हाला कळू नये म्हणून. पीठ केव्हाच वाटून झालं होतं.”

कोमळवल्ली फरशीवर तिच्याशेजारी बसली. “मग इतकी वर्षं... तू माझ्याशी बोललीस कशी?”

अक्काने तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं. “न बोलायला काय झालं? मला वाटलं तू खरंच सांगितलंस. घरात गणित तुला कळत होतं. तू म्हणालीस मला येत नाही, म्हणजे येत नसणार.” तिने हळद लागलेलं बोट पदराला पुसलं. “मग मी ते मोजणं सोडलं. रंग बघितले की उगाच डोक्यात आकडे यायचे. म्हणून पांढराच काढायला लागले.”

अठ्ठेचाळीस वर्षं दारातल्या त्या पांढऱ्या रेघा बघून कोमळवल्लीला वाटत आलं होतं की अक्काला साधेपणा आवडतो. लोकांना तिने तसं सांगितलंही होतं, भाषणात.

“आमची पोर पद्मासनी सातवीत गणितात कमी पडली ना,” अक्का सांगत होती, जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत, “तेव्हा तिला शिकवणी लावायची म्हणत होते हे. मीच नको म्हणाले. म्हटलं, आपल्या अंगात नाही ते, मावशीच्या अंगात आहे; तू शिवण शीक.”

“अक्का, मी आज सगळ्यांसमोर सांगते. भिंतीवर तुझं नाव घालायला लावते. आजच.”

“सांग. तुला हलकं वाटेल.” अक्काच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि ते जास्त झोंबलं. ती कोलमकडे बघत होती. “ते राहू दे. मला एक सांग. असं का होतं?”

“म्हणजे?”

“ढिगांच्या त्या सगळ्यात मोठ्या आकड्याइतकेच रंग का लागतात? तेव्हाच विचारणार होते तुला. पण गणित नाही म्हणालीस, मग विचारायला जागाच राहिली नाही. या पुस्तकात असेल ना?”

असेल म्हणजे काय, आख्खं प्रकरण होतं. कोमळवल्लीने ते हजारभर मुलींना शिकवलं होतं. निम्म्यांना कळलं नव्हतं, बाकीच्यांनी पाठ केलं होतं. ती उठून ओट्यावरून पेपर घेऊन आली. “अगं, माझा अग्रलेख राहिलाय!” असं मामा मागून ओरडले. तिने पेपर घडी घालून चौकोनी केला आणि कोलमच्या उजवीकडच्या सहा बाय सहा ठिपक्यांवर अलगद ठेवला. डावीकडे तीन उभ्या रांगा उघड्या राहिल्या.

“आता कागदाच्या कडेला बघ. लाल रेघ वर चढत इथून आत गेली. कागदाखाली काय फिरायचं ते फिरू दे. बाहेर कुठून आली?”

अक्का ओणवी झाली. “इथूनच. जिथून गेली तिथूनच.” तिने पुढची रेघ पाहिली, तिच्या पुढची. “पिवळीचं तेच. निळी पण. या कडेवर लाल लालला छेदते, निळी निळीला...” ती थांबली. कोमळवल्ली पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडणार, तोच अक्काने हात वर केला. “थांब, सांगू नकोस. म्हणजे कागदाच्या जागी भिंत घातली तरी चालेल. रेघ भिंतीवर आपटून परत आली काय नि आत हिंडून आली काय, सारखंच. मग हा सगळा चौकोन नसला तरी रंग तेवढेच.”

तिने स्वतःच पेपर उचलला, आणखी घडी घातली आणि उरलेल्या पट्ट्यातल्या तीन बाय तीनवर ठेवला. “सहा बाय तीन उरले होते. त्यातून हा चौकोन गेला. राहिला तीन बाय तीन. आणि चौकोनात बाजूला जितके ठिपके तितके रंग, ते तर मला तेव्हाही माहीत होतं.” ती झपाट्याने बोलत होती. “म्हणजे मोठ्यातून लहान काढत जायचं. शेवटी जो चौकोन उरेल तो उत्तर. काढायलाच नको कोलम! पंधरा आणि सव्वीस घे. पंधरा गेले, अकरा. पंधरातून अकरा, चार. अकरातून चार, चार, उरले तीन. चारातून तीन, एक. एकच रंग. पंधरा बाय सव्वीस एका रेघेत होतो, कोमू!”

चौतीस वर्षांत तिच्या वर्गात अशी मुलगी एकदाही आली नव्हती. आली असती तर तिने तिला घरी जेवायला नेलं असतं, शिष्यवृत्तीसाठी दारोदार फिरली असती.

अक्काच्या गालांवर रंग चढला होता. मग हळूहळू तिच्या कपाळाला आठी पडली. तिने फरशीवर बोटाने पाण्याची एक रेघ ओढली, तिच्याखाली दुसरी.

“हे ते आहे का गं? भागाकाराचं? बाकीने पुन्हा भागायचं, मग त्या बाकीने पुन्हा... जिन्यासारखं उतरत जायचं ते?”

“हो.”

“ते आलं होतं त्या पेपरात. पहिलाच प्रश्न. मला ते कधी कळलंच नाही, कशाला भागायचं, कुठे थांबायचं. मी कोरं सोडलं.” ती पाण्याच्या रेघा वाळताना बघत राहिली. “आठ मार्कांचा होता.”

कोमळवल्लीला ते कमी पडलेले सहा मार्क आठवले.

“सप्टेंबरला बसले असते तर झाले असते पास?”

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. “झाली असतीस, अक्का. पुढेही गेली असतीस. माझ्यापुढे गेली असतीस.”

कोमळवल्लीला वाटलं आता ती रडेल, किंवा ओरडेल, आणि ती दोन्हीसाठी जीव मुठीत धरून तयार होती. अक्काने फक्त गुडघ्यावर हात टेकले आणि कष्टाने उठली.

“इतके दिवस बरं होतं गं,” ती म्हणाली. “येत नव्हतं म्हणून झालं नाही, असं होतं. आता काय म्हणू?” मग रंगाच्या पुड्यांकडे न बघता म्हणाली, “शाळेत तूच काढ आज. मला नाही जमायचं.”

“मला कुठे काढता येतो, अक्का? माझी रेघ...”

अक्का आत गेली होती. कोमळवल्ली मागोमाग गेली, तर अक्का मधल्या खोलीत चटईवर भिंतीकडे तोंड करून आडवी झालेली. डोक्यातला गजरा काढून उशाशी ठेवला होता. कोमळवल्ली दारात उभी राहिली, हाक मारायचं धाडस तिला झालं नाही. कुकर तिने स्वतःच उतरवला, गॅस बंद केला, आणि बाहेर ओट्यावर येऊन बसली.

मामांनी पेपर परत घेतला, झटकला, त्यावरची हळद नि नीळ बघून नाक मुरडलं. “काय चाललंय तुमचं दोघींचं? जेवण कधी? अक्का कुठाय तुझी?”

“निजलीय.”

“काय?”

“निजलीय, मामा,” ती मोठ्याने म्हणाली.

मामांनी पेपर खाली ठेवला. “या वेळी? अगं, लग्न झाल्यापासून ती दिवसा निजलेली मी पाहिली नाही. तापाबिपात पण नाही.” ते काठी शोधत उठू लागले. “काय झालं तिला? काही बोललीस का तू?”

“हो, मामा,” कोमळवल्ली म्हणाली, आणि त्यांच्या हातात काठी दिली.